बास्क किनाऱ्यावर हिवाळ्यात, दोघांनी, रेल्वेने: आधी ओहोटी, मग गाडी, शेवटी हॉटेल

स्पेनमधल्या बिल्बाओपासून फ्रान्समधल्या सँ-झाँ-द-ल्यूझपर्यंतचा बास्क किनारा नोव्हेंबर ते मार्च या महिन्यांत रेल्वेने आरामात होतो. गर्दी नसते आणि खोल्या उन्हाळ्यापेक्षा स्वस्त मिळतात. तरी जोडपी परत येऊन सांगतात की पाऊस होता, हॉटेलं बंद होती, आणि ज्या खडकांसाठी गेलो ते पाण्याखाली होते. याचं कारण बहुतेक वेळा नियोजनाच्या क्रमात असतं. लोक आधी स्वस्त विमान पकडतात, मग हॉटेल, मग गाडीचं वेळापत्रक पाहतात, आणि समुद्राचं वेळापत्रक तिथे पोचल्यावर. क्रम याच्या बरोबर उलटा हवा.

एक गैरसमज आधीच काढून टाकू. ही गाडी समुद्राला लागून धावत नाही. युस्कोत्रेन ही बास्क प्रदेशाची मीटरगेज रेल्वे बिल्बाओहून निघाली की दुरांगो, एइबार अशा डोंगरातल्या कारखान्यांच्या गावांतून जाते, आणि जवळपास दीड तासाने देबा या गावी पहिल्यांदा समुद्र दिसतो. पुढेही बोगदेच बोगदे. बिल्बाओ ते दोनोस्तिया (म्हणजेच सान सेबास्तियान) हा पूर्ण प्रवास अडीच तासांहून थोडा जास्त घेतो. हायवेवरची बस तेच अंतर सव्वा तासात कापते. म्हणून एका बैठकीत हा मार्ग संपवण्यात काही अर्थ नाही. गावागावात उतरायचं असेल तरच ही गाडी घ्या.

## टप्पा १: तारखा ठरवा, तिथी पाहून

इथला समुद्र उधाणाच्या दिवसांत चार मीटरांपेक्षा जास्त चढतो-उतरतो. सुमाया गावातले प्रसिद्ध फ्लिश खडक, म्हणजे समुद्रात पुस्तकाच्या पानांसारखे उभे गेलेले थर, पूर्ण ओहोटीलाच उघडे पडतात. हिवाळ्यात उजेड असतो जेमतेम नऊ तास: डिसेंबर-जानेवारीत सूर्य पावणेनऊच्या आसपास उगवतो आणि पावणेसहाच्या सुमारास मावळतो. ओहोटी या नऊ तासांत बसली पाहिजे.

इथे आपलं कॅलेंडर कामाला येतं. या किनाऱ्यावर अमावस्या-पौर्णिमेला आणि त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत ओहोटी साधारण सकाळी दहा ते बाराच्या दरम्यान येते, आणि तीच सगळ्यात खोल असते. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, ओहोटी पहाटे आणि संध्याकाळच्या सुमारास येते, आणि पाणी पुरेसं उतरतही नाही. तेव्हा कालनिर्णय काढा, अमावस्या किंवा पौर्णिमा शोधा आणि सुमायाचा दिवस तिच्या दुसऱ्या दिवशी ठेवा. बाकी सगळी सहल या एका दिवसाभोवती पुढे-मागे सरकवा. नेमकी वेळ त्या बंदराच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून पक्की करा. तिथी फक्त महिना आणि आठवडा ठरवायला.

मग टाळायच्या तारखा. ६ आणि ८ डिसेंबर या दोन्ही स्पेनमध्ये सुट्ट्या, त्यामुळे मधला दिवस जोडून लोक किनाऱ्यावर उतरतात. २० जानेवारीला दोनोस्तियात तांबोर्रादा असतो: १९ तारखेच्या मध्यरात्रीपासून चोवीस तास शहरभर ढोल. ज्यांना ढोल हवेत त्यांनी कित्येक महिने आधी खोली घ्यावी. ज्यांना झोप हवी त्यांनी त्या दोन रात्री दुसऱ्या गावी काढाव्यात. ऑक्टोबरच्या शेवटच्या सोमवारी गेर्निकात मोठी जत्रा भरते, त्या दिवशी गाडीत उभं राहायलाही जागा मिळणं कठीण.

तपासून घ्या: सुमायाचा दिवस, त्या दिवशीची ओहोटीची वेळ आणि सूर्योदय या तिन्ही गोष्टी एकाच कागदावर लिहून झाल्याशिवाय विमानाचं तिकीट काढू नका.

## टप्पा २: मुक्काम चारच, आणि पश्चिमेकडून पूर्वेकडे

रोज नव्या गावात बॅग उघडायची हौस पावसात दुसऱ्या दिवशीच उतरते. दहा रात्रींसाठी माझी वाटणी अशी:

- बिल्बाओ: ३ रात्री (इथून गेर्निका, मुंदाका, बेर्मेओ)
- सारौत्स किंवा सुमाया: २ रात्री
- दोनोस्तिया: ३ रात्री
- सँ-झाँ-द-ल्यूझ: २ रात्री

सारौत्स की सुमाया, हा प्रश्न लोक फार वेळ चघळतात. सुमाया जास्त सुंदर, पण हिवाळ्यात संध्याकाळी सातनंतर तिथे दोघांनी करायचं काय, हा प्रश्न उरतो. सारौत्समध्ये अडीच किलोमीटरची पुळण, वर्षभर चालणारे कॅफे आणि उघडी दुकानं आहेत, आणि दोन्ही गावं एकाच लाइनवर अगदी जवळ. मी सारौत्स निवडेन.

आता आठवड्याचे वार. बिल्बाओचं गुगेनहाइम संग्रहालय हिवाळ्यात सोमवारी बंद असतं. गेर्निकाचा बाजार मात्र सोमवारीच भरतो. म्हणजे बिल्बाओच्या तीन रात्रींत एक सोमवार येईल असं बघा आणि तो गेर्निकाला द्या. सारौत्सजवळच्या गेतारियातलं, फॅशन डिझायनर बालेन्सियागाचं संग्रहालय पाहायचं असेल तर सारौत्सच्या दिवसांत सोमवार नको.

सगळ्यात जास्त घोटाळा फ्रान्सच्या बाजूला होतो. तिथली छोटी हॉटेलं आणि रेस्तराँ नोव्हेंबर किंवा जानेवारीत काही आठवडे वार्षिक सुट्टीवर जातात. बुकिंगच्या संकेतस्थळावर खोली दिसली म्हणजे खालचं रेस्तराँ चालू असेल असं नाही. हॉटेलला थेट ईमेल करून विचारा. ला र्‍यून डोंगरावर जाणारी दातेरी रुळांची छोटी रेल्वेही हिवाळ्यात बंद असते. तिच्या भरवशावर दिवस राखून ठेवू नका.

इशारा: छोट्या पेन्सिओनमध्ये (घरगुती लॉजमध्ये) रात्रभर कुणी बसलेलं नसतं. दाराचा कोड मेसेजवर येतो. तो मेसेज तुमच्या भारतातल्या नंबरावर पोचतो का, हे निघण्याआधी पाहा, आणि तो दोघांच्याही फोनमध्ये ठेवा.

## टप्पा ३: व्हिसा आणि विमान

शेंगेन व्हिसा ज्या देशात जास्त रात्री, त्या देशाकडे मागायचा. वरच्या वाटणीत स्पेन ८ आणि फ्रान्स २, म्हणून अर्ज स्पेनकडे. रात्री समसमान झाल्या तर ज्या देशात आधी प्रवेश, त्याच्याकडे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी तरी जायला हवा. प्रत्यक्षात अपॉइंटमेंट मिळणं हीच खरी अडचण, म्हणून दोन-तीन महिने हाताशी ठेवा. विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो.

जोडप्यांच्या अर्जात एक चूक वारंवार दिसते. दोघांचे अर्ज वेगळे असतात, अपॉइंटमेंटही दोन घ्याव्या लागतात, पण प्रवासाचा आराखडा आणि हॉटेलची बुकिंग मात्र अक्षरशः एकच हवी. हॉटेलच्या बुकिंगवर एकाचंच नाव असेल तर दुसऱ्याचं घालून घ्या. एकाच्या खर्चावर दुसरा जात असेल तर लग्नाचा दाखला जोडा. बायकोच्या पासपोर्टवर माहेरचं आडनाव असेल तर हमखास जोडा.

भारतातून बिल्बाओला थेट विमान नाही. मुंबईहून फ्रँकफर्ट, म्युनिक, पॅरिस, ॲमस्टरडॅम किंवा इस्तंबूलमार्गे जाता येतं. यातली पहिली चार शेंगेनमध्ये येतात, म्हणजे इमिग्रेशन तिथेच होतं. १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या सीमेवर बोटांचे ठसे आणि फोटो घेणारी नवी नोंदणी टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे, त्यामुळे मधल्या विमानतळावर दीड तासाचं कनेक्शन घेऊ नका. अडीच-तीन तास ठेवा.

परतीचं तिकीट बिल्बाओहून काढू नका, त्याचं कारण शेवटच्या टप्प्यात.

## टप्पा ४: बॅग

एकेकाला एक केबिन बॅग आणि एक पाठपिशवी, एवढंच. हे सल्ल्यापेक्षा अट म्हणून घ्या, कारण छोट्या स्टेशनांवर बॅग ठेवायला लॉकर मिळेल असं धरून चालता येत नाही आणि ही गावं चढणीवर वसलेली आहेत.

थंडी अंगावर येईल अशी नसते, दिवसा १० ते १३ अंश. त्रास होतो तो ओल्याचा. दोनोस्तियात वर्षाला दीड हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि नोव्हेंबर त्यातला मोठा वाटेकरी. तो आपल्या पावसासारखा सरळ न कोसळता वाऱ्याबरोबर आडवा येतो. छत्री पहिल्याच वळणावर उलटी होते. टोपीचा जाड रेनकोट घ्या. बुटांचे तळवे खडबडीत हवेत. मोज्यांचे जोड ठरवलेत त्याच्या दुप्पट, कारण खोलीत एका रात्रीत काहीही वाळत नाही.

खाऊबद्दल: युरोपियन युनियनमध्ये भारतातून मांस आणि दुग्धजन्य पदार्थ नेता येत नाहीत. पेढे, तूप, खवा घरीच ठेवा. मेतकूट, चटण्या, कोरडा चिवडा, भाजणी यांना अडचण नाही.

## टप्पा ५: कार्ड घ्या आणि योग्य स्टेशन ओळखा

बिल्बाओत मेट्रो स्टेशनवरच्या मशिनमधून बारिक कार्ड घ्या. हे बिस्काया जिल्ह्याचं कार्ड, पण पुढे शेजारच्या गिपुस्कोआ जिल्ह्यातही चालतं. तिथलं मुगी कार्ड वेगळं घ्यायची गरज नाही. दोघांना दोन कार्डं घ्या. एका कार्डाने दोघांची नोंद करायच्या भानगडीत गेटवर गोंधळ होतो आणि मागे रांग लागते.

नियम एकच: चढताना टेकवा, उतरतानाही टेकवा. छोट्या स्टेशनांवर गेट नसेल तर फलाटावरच्या मशिनला टेकवायचं. भाडं चढलेल्या आणि उतरलेल्या स्टेशनावरून निघतं. उतरताना विसरलात तर पुढच्या वेळी हिशोब बिघडलेला सापडतो.

आता स्टेशनं. बिल्बाओत आबांदो स्टेशन आहे, त्याच्या शेजारी रंगीत दर्शनी भिंतीचं ला कोंकोर्दिया आहे, आणि जुन्या गाइडबुकांत आचुरीचं नाव सापडतं. तुम्हाला यातलं एकही नको. देबा, सुमाया, दोनोस्तिया आणि बेर्मेओच्या गाड्या मातिकोहून सुटतात आणि जुन्या गावाखालच्या सास्पिकालेआक (पाटीवर कास्को व्हिएहो हेही लिहिलेलं असतं) स्टेशनावर थांबतात. तिथेच चढा. त्याच फलाटावर मेट्रोची ३ नंबरची लाइनही येते, म्हणून आलेल्या पहिल्या गाडीत घुसू नका. आधी गाडीच्या कपाळावरचं शेवटचं स्टेशन वाचा.

दोनोस्तियातही अशीच दोन स्टेशनं. मॅप ‘सान सेबास्तियान स्टेशन’ म्हणून नदीपलीकडचं रेन्फेचं (स्पेनच्या राष्ट्रीय रेल्वेचं) स्टेशन दाखवतो. युस्कोत्रेन आमारा स्टेशनवरून सुटते. दोन्हींत पायी पाव तासाचं अंतर आहे.

तपासून घ्या: वेळापत्रकात कामाचे दिवस, शनिवार आणि सुट्टी असे तीन रकाने असतात. रविवारी ‘सुट्टी’चा रकाना. बिल्बाओ–दोनोस्तिया पूर्ण लाइनवर गाडी साधारण तासाला एक, म्हणून एक चुकली तर तास गेला.

## टप्पा ६: गेर्निका, मुंदाका, बेर्मेओ, एकाच दिवसात

सोमवारी सकाळी बेर्मेओची गाडी पकडा आणि उजव्या बाजूला बसा. गेर्निकानंतर उर्दाइबाईची खाडी याच बाजूला उघडते. ओहोटी असेल तर वाळूची बेटं, भरती असेल तर सपाट रुपेरी पाणी, दोन्ही बघण्यासारखं.

क्रम: आधी गेर्निका, कारण बाजार सकाळचा. मग मुंदाका, जिथे हिवाळ्यातच लाटा खऱ्या उठतात आणि सर्फर खाडीच्या तोंडाशी तरंगत बसलेले असतात. बेर्मेओ शेवटी, जेवायला. उलट क्रमाने गेलात तर बाजार उठलेला असतो.

सान हुआन दे गास्तेलुगाचे या खडकावरच्या देवळासाठी बेर्मेओहून पुढे रस्त्याने जावं लागतं. २४१ पायऱ्या, उघडा वारा आणि सहा वाजायच्या आत अंधार हे लक्षात घेता तो याच दिवसात कोंबू नका.

पुढे पूर्वेकडे जाताना बॅगा बिल्बाओत असतील तर प्रश्न नाही. बेर्मेओहूनच थेट सुमायाला जायचं असेल तर गाडी आमोरेबिएताला बदला. बिल्बाओपर्यंत उलटं यायची गरज नाही.

## टप्पा ७: सुमाया, घड्याळ लावून

1. आदल्या रात्री बास्क हवामान खातं एउस्काल्मेत याचा इशारा पाहा. लाटांचा नारिंगी किंवा लाल इशारा असेल तर खाली खडकांवर उतरायचं नाही, ओहोटी कितीही चांगली असो.
2. ओहोटीच्या दीड तास आधी सुमाया स्टेशनवर असा. तिथून इत्सुरून पुळणीपर्यंत पायी पंधरा मिनिटं धरा.
3. आधी वर सान तेल्मोच्या छोट्या देवळापाशी जा. खडकांचे पट्टे कुठून कुठे जातात हे वरून कळतं, आणि पाणी अजून उतरतंय का हेही.
4. मग पुळणीवर उतरा. इथल्या थरांत ६.६ कोटी वर्षांपूर्वीची ती रेघ आहे, डायनासोर संपल्याच्या काळातली. थरांच्या कडांवरून चाला. हिरवं शेवाळ दिसेल तिथे पाय ठेवू नका.
5. ओहोटीची वेळ झाली की फोनवर अर्ध्या तासाचा गजर लावा आणि तो वाजला की परत फिरा. पाणी सुरुवातीला हळू चढतं, त्यानेच माणूस फसतो. फोटोसाठी एक पुढे आणि एक मागे असं लांब जाऊ नका. लाटांच्या आवाजात हाक ऐकू येत नाही.

देबा ते सुमाया कड्यावरून चालत येण्याची वाट साधारण १४ किलोमीटरची. उन्हाळ्यात उत्तम, हिवाळ्यात चिखल. आठवडाभर कोरडा गेला असेल तरच.

## टप्पा ८: सारौत्स ते गेतारिया

गेतारियाला रेल्वे नाही. नकाशावर हे गाव सुमाया आणि सारौत्सच्या मधोमध दिसतं म्हणून लोक स्टेशन शोधत बसतात. सारौत्सहून समुद्राच्या कडेने सपाट पदपथ आहे, चार किलोमीटर, तासाभराचं निवांत चालणं. परतताना बस घ्या, बारिक चालतं.

इशारा: मोठ्या लाटा असतील तेव्हा हाच रस्ता बंद करतात, कारण पाणी कठड्यावरून थेट आत येतं. बंद असेल तर कडेकडेने जाऊन बघू असं म्हणू नका.

## मधेच: जेवणाची घड्याळं दोन आहेत

दोघांत भांडण होतं ते बहुधा इथे. स्पेनच्या बाजूला दुपारचं जेवण दीड ते साडेतीन आणि रात्रीचं साडेआठ-नऊनंतर. मधल्या वेळात स्वयंपाकघर बंद. सहा वाजता भूक लागली तर बारमध्ये उभ्याने पिंचो (काडी टोचलेला छोटा खाऊ) खा. जेवण मागू नका. सीमा ओलांडली की फ्रान्समध्ये दुपारी बारा ते दोन आणि रात्री सात ते नऊ. स्पेनच्या सवयीने नऊला पोचलात तर खुर्च्या टेबलावर चढवलेल्या दिसतील.

शाकाहारी असाल तर ‘व्हेजिटेरियन’ म्हणून थांबू नका. मांस नको, मासे नकोत, हॅम नको, असं तिन्ही वेगळं सांगा: ‘सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन हामोन’. क्रोकेतांत हॅम असतं, तोलोसाच्या काळ्या राजम्यासोबत रक्ताचं सॉसेज शिजवलेलं असतं, आणि हिल्दा नावाच्या साध्या दिसणाऱ्या मिरची-ऑलिव्हच्या काडीत अँकोव्ही. बिनधास्त घ्यायचं ते गेर्निकाच्या तळलेल्या हिरव्या मिरच्या, जाडं मीठ भुरभुरवलेल्या, आणि अंडं चालत असेल तर बटाट्याची तोर्तिया.

## टप्पा ९: सीमा ओलांडणं

दोनोस्तियाबद्दल एवढंच: वादळी दिवशी पासेओ नुएव्हो या समुद्राकाठच्या रस्त्यावर लाटा बघायला जाऊ नका, पालिका तो उगाच बंद करत नाही. शिल्पकार चिलिदाची ‘वाऱ्याची फणी’ भरतीला पाहा, ओहोटीला ती मुकी असते.

आमाराहून सीमेपलीकडच्या आंदायची (एंदायाची) गाडी घ्या. हिला लोक तोपो म्हणतात, अर्ध्या तासाला एक, प्रवास पाऊण तासाच्या आत. ती मीटरगेज आणि फ्रेंच रेल्वेचे रूळ १,४३५ मिलिमीटरचे, म्हणून पुढे तीच गाडी जाऊ शकत नाही. आंदायला उतरा, कार्ड टेकवा, बाहेर या. फ्रेंच स्टेशन समोरच आहे.

- इरूनला उतरू नका. तिथलं तोपोचं स्टेशन आणि रेन्फेचं स्टेशन वेगवेगळी आहेत, बॅगा ओढत फिरावं लागतं.
- बारिकचं काम इथे संपलं. पुढच्या टीईआर (फ्रेंच प्रादेशिक) गाडीचं तिकीट चढण्यापूर्वी काढा, ॲपवर किंवा मशिनवर.
- दोन गाड्यांच्या मध्ये किमान वीस मिनिटं. हिवाळ्यात टीईआर कमी असतात. आधी टीईआरची वेळ पाहा आणि मग त्यावरून तोपो ठरवा.
- पासपोर्ट अंगावर, बॅगेत खोल नव्हे. शेंगेनच्या आत असूनही इथे पोलीस तपासणी होते.

सँ-झाँ-द-ल्यूझकडे जाताना डाव्या बाजूला बसा. बियारिट्झला जाणार असाल तर तिथलं स्टेशन समुद्रापासून तीनेक किलोमीटरवर आहे, बसचा वेळ धरा.

फ्रेंच रेल्वेचा संप असेल तर दुसऱ्या दिवशीच्या गाड्या आदल्या संध्याकाळी पाचच्या सुमारास जाहीर होतात. त्या वेळी एकदा ॲप उघडा. नुसतं आठवड्यापूर्वीचं तिकीट पाहून झोपू नका.

## टप्पा १०: परतीची वाट

सँ-झाँ-द-ल्यूझहून बिल्बाओ विमानतळ गाठायचा तर टीईआर, तोपो आणि मग बस अशी तीन साधनं एका सकाळी जुळावी लागतात. त्याऐवजी परतीचं विमान पॅरिसहून घ्या. सँ-झाँहून थेट टीजीव्ही (फ्रान्सची वेगवान गाडी) साधारण साडेचार तासांत पॅरिसच्या मोंपार्नास स्टेशनला पोचते. तिकीट लवकर काढाल तितकं स्वस्त.

मोंपार्नास शहराच्या दक्षिण भागात आणि शार्ल द गोल विमानतळ उत्तरेला शहराबाहेर, म्हणून त्याच दिवशीचं विमान पकडायचं असेल तर गाडी पोचणं आणि विमान सुटणं यांत पाच तास ठेवा, किंवा पॅरिसला एक रात्र राहा. ती रात्र फ्रान्सच्या खात्यात जाते, तरी ८ विरुद्ध ३, व्हिसा स्पेनचाच. टीजीव्हीची दारं सुटण्याच्या दोन मिनिटं आधी बंद होतात, त्यामुळे एकाने डबा शोधायचा आणि दुसऱ्याने कॉफी आणायला जायचं, हे या स्टेशनवर नको.